डायलिसिस युनिटचा अभ्यासक्रम युनिटच्या रजिस्टरमध्येच असतो

प्रश्न थोडक्यात असा: किडनी विभागातल्या नर्सेस, डायलिसिस टेक्निशियन आणि निवासी डॉक्टरांसाठी दरवर्षी प्रशिक्षण होतं. व्याख्यानं चांगली असतात, हजेरी पूर्ण असते, शेवटच्या चाचणीत सगळे पास होतात. तरीही प्रत्यक्ष कामात फरक दिसत नाही. मग बदलायचं काय?

मी सांगेन, विषयांची यादी बाहेरून आणणं बंद करा. आपल्याच युनिटची मागच्या सहा महिन्यांची रजिस्टरं काढून बसा. किती सेशन्स बीपी पडल्यामुळे वेळेआधी बंद करावी लागली? फिस्टुलात (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेल्या जोडणीत) सुई नीट न बसल्यामुळे हात किती वेळा सुजला? कोणत्या कॅथेटरना (मोठ्या शिरेत घातलेल्या नळ्यांना) जंतुसंसर्ग झाला आणि त्या दिवशी ते कोणी हाताळले होते? पेरिटोनियल डायलिसिसचे (पोटातल्या पडद्यातून, घरी करायच्या डायलिसिसचे) किती रुग्ण पोटातल्या संसर्गानं भरती झाले? आधीपासून ओपीडीत येत असूनही किती जण फिस्टुला न करताच इमर्जन्सीत मानेतल्या कॅथेटरवर सुरू झाले? एवढं वाचून झालं की वर्षभर काय शिकवायचं हे विचारायला कोणाकडे जावं लागत नाही.

व्याख्यानाला माझा विरोध नाही. पण व्याख्यानानं ज्ञान वाढतं आणि या कामात बहुतेक वेळा अडतं ते ज्ञानापाशी नव्हे. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय शिक्षणातल्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि रोजच्या कामात खरोखर करतो. आपल्या बहुतेक परीक्षा पहिल्या पायरीवरच संपतात. रुग्णाचा संबंध मात्र चौथ्या पायरीशी असतो. डायलिसिस चालू असताना बीपी पडण्याची व्याख्या युनिटमधला प्रत्येक जण सांगेल. पण रुग्ण जांभया देऊ लागलाय, अस्वस्थ होतोय, हे बीपी पडायच्या आधी कोणाच्या लक्षात आलं आणि त्यानं काय केलं, हे कुठल्याही चाचणीत विचारलं जात नाही.

हेच उदाहरण थोडं लांबवतो, कारण बहुतेक युनिट्समध्ये सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे. समजा ६० किलो वजनाचा रुग्ण दोन सेशन्सच्या मधल्या दिवसांत ३.६ लिटर पाणी साठवून आला आणि ते चार तासांत काढायचं ठरलं. म्हणजे दर तासाला ९०० मिलि, किलोमागे १५ मिलि. तासाला किलोमागे १३ मिलिच्या वर गेलं की हृदयावर ताण येतो आणि मृत्यूचं प्रमाणही वाढलेलं आढळतं, हे निरीक्षण या क्षेत्रात आता सर्वमान्य आहे. हे गणित कागदावर अर्ध्या मिनिटात होतं. मशीन लावण्यापूर्वी ते कोण करतं? बहुतेक ठिकाणी कोणीच नाही. आलेल्या वजनातून ड्राय वेट (अंगात जादा पाणी नसतानाचं वजन) वजा केलं, आकडा मशीनला दिला आणि सेशन सुरू झालं. म्हणून हा विषय शिकवताना स्लाइड नको. त्या दिवशी आलेल्या पाच रुग्णांची वजनं घ्या, टेक्निशियनकडून हिशेब करून घ्या आणि १३ च्या वर कोण जातंय ते त्यालाच सांगू द्या. पुढचा प्रश्न: मग आता काय करशील? अर्धा तास वाढवशील? आज थोडं कमी काढून उद्या-परवा जादा सेशन सुचवशील? की ड्राय वेटच चुकलंय? रुग्णाची भूक सुधारून अंगावर मांस चढलं असेल तर जुनं ड्राय वेट धरून बसल्यामुळे आपण रोज त्याच्या अंगातलं हवं असलेलं पाणी काढत असतो. उलट आजारपणात रुग्ण खंगला असेल तर तेच जुनं वजन त्याच्या फुप्फुसात पाणी साठू देतं.

इथे एक अडचण येते आणि ती शिक्षणाची नसते. टेक्निशियनला कळलं की वेग जास्त आहे, पण सेशन वाढवायचा अधिकार त्याला नाही, डॉक्टर फोनवर सापडत नाहीत आणि पुढच्या शिफ्टचा रुग्ण दाराशी उभा आहे. अशा ठिकाणी शिकवलेलं दोन आठवड्यांत विरून जातं. म्हणून प्रत्येक विषयाबरोबर अधिकारही लिहून द्यावा लागतो: अमुक आकड्याच्या वर असेल तर नर्स स्वतः वेग कमी करेल, डॉक्टरांना कळवेल, परवानगीची वाट पाहणार नाही. हे लिहून द्यायची विभागप्रमुखांची तयारी नसेल तर त्या विषयावर प्रशिक्षण घेऊच नये. शिकलेलं वापरता येत नाही हे कळलं की माणसं पुढचंही शिकायची थांबतात.

आठवड्याला तीन सेशन्स, चार-चार तासांची, म्हणजे रुग्ण बारा तास नर्स आणि टेक्निशियनच्या नजरेखाली असतो. नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीतज्ज्ञ, त्याला राउंडमध्ये काही मिनिटं पाहतो. शिक्षणावरचा खर्च, रजा, परिषदा आणि पुस्तकं मात्र नेमकी उलट्या क्रमानं वाटली जातात. हे उलटं करायचं धाडस ज्या विभागानं केलं, तिथे फरक दिसल्याशिवाय राहत नाही.

फिस्टुलाची सुई हा दुसरा मोठा विषय. फिस्टुला तयार झाला की नाही हे ठरवण्यासाठी सहाचा नियम बहुतेकांना पाठ असतो: सहा आठवड्यांनी शिरेचा व्यास किमान ६ मिमी, त्वचेपासून खोली ६ मिमीपेक्षा कमी, रक्तप्रवाह मिनिटाला ६०० मिलि. पाठ असणं आणि हाताला कळणं यांत अंतर आहे. प्रत्येक सेशनपूर्वी फिस्टुला आधी पाहायचा, मग बोटांनी चाचपायचा, मग स्टेथोस्कोपनं ऐकायचा. सलग थरथर जाणवण्याऐवजी ठोका लागू लागला, आवाज तुटक आणि उंच पट्टीतला झाला, हात वर धरल्यावरही शीर रिकामी होईना, तर पुढे कुठेतरी ती अरुंद झाली आहे. हे वेळेत ओळखलं तर फुग्यानं शीर रुंद करून फिस्टुला वाचतो. उशीर झाला तर त्यात गाठ धरते आणि रुग्ण पुन्हा कॅथेटरवर जातो. ही तपासणी शिकवायला लागणारं एकमेव साहित्य म्हणजे रुग्णाचा हात, आणि बिघडत चाललेला फिस्टुला ज्या दिवशी युनिटमध्ये असेल त्या दिवशी त्या शिफ्टमधल्या सगळ्यांना बोलावून तो हाताला लावून देणं. अर्थात, रुग्णाला विचारून.

सुई कोणी घालायची याची पायरी ठरवावी. वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक ओले टेन काटे यांनी २००५ मध्ये मांडलेली कल्पना इथे अगदी चपखल बसते: प्रशिक्षण किती महिने झालं हे न मोजता, एखादं काम या माणसावर कितपत सोपवता येतं ते ठरवायचं. शेजारी उभं राहून सोपवायचं, हाक मारली की येता येईल एवढ्या अंतरावरून सोपवायचं, की पूर्ण सोपवायचं. जुना, मोठा, दोरासारखा हाताला लागणारा फिस्टुला नवख्याला पहिल्या महिन्यात देता येईल. नुकत्याच तयार झालेल्या फिस्टुलाला पहिल्या काही सेशन्समध्ये युनिटमधल्या सर्वात सराईत हातांशिवाय कोणी हात लावू नये, मग ते हात सुट्टीवर असले तरी चालेल, सेशनची वेळ बदला. एका फसलेल्या सुईनं महिनाभराची वाट पाहणी वाया जाते आणि रुग्णाचा फिस्टुलावरचा विश्वासही.

कॅथेटर घालण्याच्या बाबतीत तर पुरावाच आहे. २००९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेफ्रॉलॉजीच्या नव्या विद्यार्थ्यांना सिम्युलेटरवर ठरावीक गुण मिळेपर्यंत सराव करायला लावला. पारंपरिक पद्धतीनं शिकून बाहेर पडणाऱ्या त्यांच्या वरिष्ठांपेक्षा हे नवे विद्यार्थी तपासणी यादीवर सरस ठरले. ‘एक बघ, एक कर, एक शिकव’ ही पद्धत गर्दीच्या वॉर्डात सोयीची म्हणून टिकली आहे, चांगली म्हणून नाही.

आता सराव कवायतीबद्दल. व्हीनस सुई (शुद्ध झालेलं रक्त शरीरात परत नेणारी सुई) निसटणं क्वचित घडतं, पण घडलं तर वेळ फार थोडा असतो. पंप मिनिटाला ३०० मिलि वेगानं चालू असेल तर पाच मिनिटांत दीड लिटर रक्त बाहेर पडतं. मशीनचा अलार्म वाजेल या भरवशावर राहता येत नाही, कारण व्हीनस दाबातला बराचसा भाग सुईच्या स्वतःच्या अरुंदपणामुळे तयार होतो. सुई निसटली तरी दाब थोडाच उतरतो आणि अलार्मची खालची मर्यादा सैल ठेवलेली असेल तर मशीन शांतपणे रक्त पांघरुणाखाली ओतत राहतं. हे समजावून सांगितलं की ‘हात पांघरुणाबाहेर ठेवा’ या सूचनेकडे लोक गंभीरपणे पाहू लागतात. पण समजावून थांबू नका. शिफ्ट संपल्यावर रिकाम्या खुर्चीशेजारी दहा मिनिटांची कवायत घ्या: सुई निसटली आहे, सुरू करा. पंप कोण थांबवतो, क्लॅम्प कोण लावतो, जागा कोण दाबून धरतो, हाक कोण मारतो? पहिल्या कवायतीत सगळे एकाच कामाकडे धावतात. तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत कामं वाटली जातात. रक्तात हवा जाणं, फिल्टरमुळे रुग्णाला येणारी प्रतिक्रिया, वीज जाऊन रक्त हातानं परत देणं हे प्रसंगही याच पद्धतीनं घेता येतात, त्यावर वेगळं लिहीत नाही.

पाण्याकडे मात्र थांबावंच लागेल, कारण बहुतेक प्रशिक्षणांत पाणी हा आरओ प्लांटवाल्याचा विषय समजला जातो. मिनिटाला ५०० मिलि डायलिसेट (फिल्टरमध्ये रक्ताच्या पलीकडून वाहणारं द्रावण) म्हणजे चार तासांत १२० लिटर पाणी, रुग्णाच्या रक्तापासून एका पातळ पडद्याच्या अंतरावर. ब्राझीलमधल्या कारुआरू इथे १९९६ मध्ये एका डायलिसिस केंद्रात नीट शुद्ध न केलेलं पाणी वापरलं गेलं. त्यात शेवाळासारख्या सूक्ष्मजीवांचं विष होतं, रुग्णांची यकृतं निकामी झाली आणि पन्नासाहून अधिक जण दगावले. त्याआधी १९७० च्या दशकात पाण्यातल्या अॅल्युमिनियममुळे डायलिसिसच्या रुग्णांच्या मेंदूवर परिणाम होत असल्याचं लक्षात आलं होतं. रोजचा धोका मात्र क्लोरामीनचा, म्हणजे नळाचं पाणी निर्जंतुक करायला वापरल्या जाणाऱ्या क्लोरीनच्या संयुगाचा. ते आरओच्या पडद्यातून पार होतं, त्याला अडवतात कार्बनच्या टाक्या, आणि कार्बन दमला की रुग्णाच्या लाल पेशी फुटू लागतात. क्लोरामीन धरून एकूण क्लोरीनची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे आणि ही तपासणी दर शिफ्टआधी व्हायला हवी. बहुतेक ठिकाणी होतेही. वहीत रोज एकच आकडा, एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात दिसला तर समजावं की विषय सापडला! प्रशिक्षणात नर्सला स्वतः नमुना घ्यायला लावा, रंग वाचायला लावा, आणि विचारा: आकडा ०.१५ आला, सहा रुग्ण वजन करून खुर्चीवर बसलेत, तू काय करशील? या प्रश्नाचं उत्तर ‘सरांना फोन’ असं आलं तर अजून शिकवणं बाकी आहे. सेशन सुरू करायचं नाही, दुसऱ्या टाकीनंतरचा नमुना तपासायचा आणि मग फोन, हा क्रम तोंडात बसला पाहिजे.

डॉक्टरांच्या शिक्षणाकडे वळतो. निवासी डॉक्टर डायलिसिस युनिटमध्ये इतके अडकतात की किडनीचा आजार म्हणजे डायलिसिस असंच त्यांच्या मनात बसतं. जगात सुमारे ८५ कोटी लोकांना कुठला ना कुठला किडनीचा आजार आहे आणि त्यांतल्या फार थोड्यांना कधी डायलिसिस लागेल. बाकीच्यांचं भवितव्य ओपीडीत ठरतं, तेही बहुधा किडनीतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरसमोर. म्हणून नेफ्रॉलॉजीच्या प्रशिक्षणार्थ्यानं आठवड्यातला काही वेळ मधुमेहाच्या ओपीडीत बसणं मला आवश्यक वाटतं, आणि जनरल मेडिसिनच्या डॉक्टरनं किडनीच्या ओपीडीत. केडीगो या किडनी आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आजाराची पायरी ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज) आणि लघवीतला अल्ब्युमिन (एक प्रथिन) या दोन्हींवर ठरते. प्रत्यक्षात रक्तातलं क्रिएटिनीन (ज्यावरून ईजीएफआर काढतात) सगळे मागवतात, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनीन गुणोत्तर अर्धे विसरतात. ओपीडीतली मागची वीस केसपेपर काढून किती जणांत ते मागवलं होतं एवढं मोजायला लावा. तासभराच्या व्याख्यानापेक्षा हा पंधरा मिनिटांचा आरसा जास्त काम करतो.

नव्या औषधांबद्दलही तेच. एसजीएलटी२ रोखणारी (मूळ मधुमेहासाठीची) औषधं किडनीचा ऱ्हास मंदावतात, हे २०१९ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिन, २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिन आणि २०२२ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनच्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं. आता हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर थोडा उतरला की घाबरून ते बंद केलं जातं. एसीई रोखणाऱ्या, रक्तदाबाच्या औषधांचंही तसंच, क्रिएटिनीन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तरी थांबायचं कारण नसतं, पोटॅशियम पाहून पुढे जायचं असतं. शिकवायचं असेल तर औषध का द्यावं यापेक्षा ते का बंद केलं गेलं यावर केस घ्या. ज्यांनी बंद केलं त्यांची नावं झाकून.

लघवी सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहण्याची सवय सुटली आहे, याचं मला वाईट वाटतं आणि ही केवळ जुन्या माणसाची कुरकुर नाही. आकार बिघडलेल्या लाल पेशी, मातकट तपकिरी कास्ट (किडनीच्या सूक्ष्म नलिकांत तयार होणारे साचे) या गोष्टी यंत्राच्या अहवालात अनेकदा निसटतात आणि निदान तिथेच बदलतं.

डायलिसिस कधी सुरू करायचं हाही शिकवण्याचा विषय आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या २०१० च्या चाचणीत लवकर सुरू करणाऱ्यांना उशिरा सुरू करणाऱ्यांपेक्षा जगण्यात काही फायदा दिसला नाही. म्हणजे निर्णय ईजीएफआरच्या आकड्यावर नाही, लक्षणांवर. लक्षणं विचारायची तर रुग्णाशी बोलावं लागतं, आणि बोलणं हे शिकवता येणारं कौशल्य आहे हे पुष्कळ वरिष्ठ मान्य करत नाहीत. ऐंशीच्या घरातल्या, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला डायलिसिस न करता लक्षणांवर उपचार करण्याचा पर्याय कसा सांगायचा? आधी विचारा त्यांना काय ठाऊक आहे, मग थोडं सांगा, मग पुन्हा विचारा त्यांना काय कळलं. तीनच टप्पे, पण निवासी डॉक्टर मधला टप्पा दहा मिनिटं चालवतात आणि उरलेले दोन गाळतात. दोघांनी डॉक्टर-रुग्ण होऊन, तिसऱ्यानं घड्याळ लावून हे करून पाहावं. सुरुवातीला सगळे हसतात, ते चालायचंच.

पेरिटोनियल डायलिसिस ज्या प्रशिक्षणार्थ्यानं पाहिलंच नाही, तो ते रुग्णाला कधी सुचवत नाही. इथला सर्वात महत्त्वाचा शिक्षक नर्स असते, कारण ती रुग्णाला घरी करायचा उपचार शिकवते, आणि शिकवायचं कसं हे तिला कोणीच शिकवलेलं नसतं. आंतरराष्ट्रीय पेरिटोनियल डायलिसिस संस्थेच्या २०२२ च्या सूचनांप्रमाणे रुग्णामागे वर्षाला ०.४० पेक्षा जास्त पेरिटोनायटिस (पोटातल्या पडद्याचा संसर्ग) नसावा. तुमचा आकडा यापेक्षा वर असेल तर जंतूंवर व्याख्यान ठेवण्याआधी रुग्णाच्या घरी जा आणि तो पिशवी कशी बदलतो ते गुपचूप बघा. एकदा नीट शिकलेला रुग्णही काही महिन्यांत हात धुण्याचा वेळ अर्ध्यावर आणतो. पुन्हा शिकवणी कधी घ्यायची याची तारीख पहिल्याच दिवशी ठरलेली असावी.

मोजमापाबद्दल दोन सावधगिरीच्या गोष्टी. प्रशिक्षण सुरू झाल्यावर चुकांच्या नोंदी आधी वाढतात, कारण लोक लिहू लागतात. तो आलेख पाहून व्यवस्थापन घाबरलं आणि नोंद करणाऱ्यालाच जाब विचारला, तर पुढच्या महिन्यापासून वही कोरी होते आणि पुन्हा भरत नाही. दुसरं, छोट्या युनिटमध्ये महिन्याला एक-दोन संसर्ग होतात, तिथे एका महिन्याच्या आकड्यावरून काही सिद्ध होत नाही. तिमाही पाहा, आणि आकडा कॅथेटर-दिवसांवर (सगळ्या रुग्णांना मिळून जितके दिवस कॅथेटर होतं त्या बेरजेवर) काढा, नुसत्या संख्येवर नको.

शेवटी खर्चाचा प्रश्न येतोच. सिम्युलेटर, बाहेरचे वक्ते, ऑनलाइन अभ्यासक्रम यांपैकी काहीच नसलं तरी चालेल. लागतो तो वेळ. युनिटमधली जी नर्स किंवा टेक्निशियन बाकीच्यांना शिकवणार आहे, तिच्या ड्युटीतले आठवड्याला दोन तास रोस्टरमध्ये शिकवण्यासाठी म्हणून लिहून द्या आणि त्या वेळात तिच्याकडे रुग्ण देऊ नका. नाहीतर ते तास तिच्या घरच्या वेळातून जातात आणि तिसऱ्या महिन्यात ती नम्रपणे नकार देते.